वैरिणीची साक्ष

दिवाणसाहेबांना नाही म्हणायची भारी हौस. कानडी मुलखातून आलेली, घोंगड्या विणणारी नागव्वा चौथ्यांदा त्यांच्यापुढे उभी होती. बारा वर्षांची वस्ती सिद्ध झाली तरच संस्थानची प्रजा म्हणून नोंद व्हायची, नाहीतर घर सोडून जायचं.

"मैत्रिणींच्या साक्षी नकोत," दिवाण म्हणाले. "त्या प्रेमापोटी खोटं बोलतात."

"मग वैरिणीची चालेल?"

"असली तर आण!"

दुसऱ्या दिवशी नागव्वाने आपली शेळी मुद्दाम शेजारच्या सगुणाबाईंच्या मेथीत सोडली आणि कचेरी गाठली. मागोमाग सगुणाबाई तणतणत आल्याच. "सरकार, हिला हाकला! बारा वर्षं हिच्या शेळ्या माझी मेथी खातायत!"

दिवाण हसले. "ही तर तुझ्याविरुद्ध बोलतेय."

"म्हणूनच तर, सरकार! मला हाकलायला आलेली बाई माझ्या सोयीसाठी एक दिवस तरी वाढवून सांगेल का?"

दिवाणांनी तिच्या अर्जावर शिक्का मारला. नागव्वाचा जीव भांड्यात पडला.

"आणि त्या शेळीचं काय?" सगुणाबाई कडाडल्या.

"ती इथंच जन्मलीय, अक्का. तिला अर्ज लागत नाही."