अन्नछत्राची घंटा

फार वर्षांपूर्वीच्या एका दुष्काळातली गोष्ट. वेळ भर दुपारची. ठिकाण, गावच्या अन्नछत्राचं दार.

दारातल्या खुंट्यांवर मातीचे चाळीस बिल्ले लटकत होते. ज्याला परवडेल त्याने शिधा द्यावा आणि एक बिल्ला टांगावा. ज्याला भूक असेल त्याने तो काढून आत द्यावा नि पोटभर जेवावं, अशी रीत. रीत चांगलीच होती. पण पाटलांनी तिला एक घंटा जोडली. बिल्ला निघाला की गुरवाने ती वाजवायची, म्हणजे दात्याला आपलं पुण्य ऐकू येईल!

एकवीस दिवस घंटा वाजलीच नाही. पाटलांनी राजाला कळवलं, "आमच्या गावात उपाशी कोणी नाही."

बुरुडाच्या घरी तीन दिवस चूल पेटली नव्हती. सून सासऱ्याला विनवत होती, "मामंजी, चला ना जेवायला."

"घंटा नैवेद्याला वाजते, पोरी. मी काय देव आहे?" म्हातारा भिंतीकडे तोंड करून निजला. आज तर त्याला उठून बसवेना.

शेवटी सून एकटीच निघाली. तिने बिल्ला काढला, गुरवाने दोरी धरली, ओट्यावर बसलेल्या पाटलांच्या नि गावकऱ्यांच्या माना वळल्या. ती सरळ पाटलांसमोर जाऊन उभी राहिली.

"पाटील, तुम्ही जेवता तेव्हा घंटा कोण वाजवतं?"

"मी घरचं खातो, बाई! मला कसली लाज? खुशाल वाजवा माझ्या दारात!"

"ऐकलंत ना, गुरवदादा?" म्हणत तिने भाकरी-आमटी घेतली आणि घराकडे धावली.

गुरव घंटा घेऊन पाटलांच्या दारात बसला. न्याहारीला घंटा. दुपारी घंटा. झोपेतून उठून खाल्लेल्या लाडवाला घंटा. रात्री दुधाला वाजली तेव्हा गल्लीतून कोणीतरी ओरडलं, "पाटील, चौथी!"

तिसऱ्या दिवशी गुरवाला दिसू नये म्हणून कोनाड्यात तोंड घालून लाडू गिळताना पाटलांना ठसका लागला. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हातांनी घंटा देवळात नेऊन टांगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या खुंट्या रिकाम्या झाल्या. किती चुली विझल्यात हे गावाला पहिल्यांदा दिसलं. दिवेलागणीपर्यंत घराघरांतून शिधा आला, खुंट्या पुन्हा भरल्या. म्हातारा बुरूड स्वतःच्या पायांनी चालत आला आणि आमटी दोनदा मागून प्याला.

ज्या अन्नाचा गाजावाजा होतो, ते भुकेल्याच्या पोटात पोचत नाही.

मात्र त्या एकवीस दिवसांत खालच्या आळीतली तीन घरं कुलूप लावून गाव सोडून गेली होती. ती माणसं कुठे गेली, हे पाटलांनी राजाला अजून कळवलेलं नाही.