पेटीच्या नावाला जागणं

फार जुन्या काळची गोष्ट. वाळवंटात तंबू ठोकत फिरणाऱ्या एका यहुदी टोळीजवळ सोन्याने मढवलेली एक लाकडी पेटी होती. तिचं नाव कराराची पेटी. देवाच्या आज्ञा कोरलेल्या शिळा तिच्यात होत्या; त्या पाळायचा शब्द लोकांनी देवाला दिला होता. तिला हात लावायचा नाही, कड्यांतले दांडे खांद्यावर घेऊनच ती न्यायची, असा दंडक होता. एकदा एकाने हात लावला आणि तो जागीच गेला. तेव्हापासून लोक इतके धास्तावले, की तिचं नावही घेईनात. नुसतं 'ती' म्हणत.

एल्दाद हा तिच्या चार खांदेकऱ्यांपैकी एक. मरणाऱ्या थोरल्या भावाला त्याने शब्द दिला होता, "वहिनीला अंतर देणार नाही." पुढे पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि आपल्यातलं पाणी तिला द्यावं लागू नये म्हणून त्याने वहिनीचा तंबू छावणीच्या टोकाला हलवला. शब्द वाऱ्यावर गेला.

आज टोळीला खोल घळ उतरायची होती.

"आजोबा, उतारावर हात लागला, तर आज ती माझा जीव घेणार," एल्दाद टोळीची पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या याजकाला म्हणाला. "माझ्या जागी दुसरा कुणी द्या."

"तिचं नाव काय रे?"

"नाव नका घेऊ!"

"करार, बाळा. करार म्हणजे दिलेला शब्द. तू हाताला जपतोस, शब्दाला नाही. म्हणून तर कापतोयस."

एल्दादने दांडा उचलला.

अर्ध्या उतारावर त्याचा पाय घसरला. दांडा खांद्यावरून सरकला, पेटी कलली. तिला सावरायला त्याचा हात आपोआप वर गेला. बोटभर अंतर उरलं. मागचे लोक किंचाळले.

"भाऊजी, हात खाली!"

वहिनी पहाटेच उतरून खालच्या आटत आलेल्या झऱ्यावरून एकटीच पाणी घेऊन चढत होती. तिने घागर टाकली आणि दांड्याखाली खांदा दिला. पेटी सावरली. घागर मात्र फुटली, आणि दिवसभराचं पाणी वाळूत जिरलं.

एल्दाद ढसाढसा रडला. घळ पार होताच त्याने वहिनीचा तंबू स्वतःच्या हाताने आपल्या तंबूशेजारी ठोकला आणि आपली भरलेली घागर तिच्या दारात ठेवली. मग त्याने पेटीचं नाव घेतलं. त्याला काहीही झालं नाही.

बाळांनो, पवित्र वस्तूला घाबरणं सोपं असतं. तिच्या नावाला जागणं हीच खरी भक्ती.