तुंगीचं न्हाणीघर

फार वर्षांपूर्वी, जनावरंही घरात आंघोळ करायची तेव्हा, तुंगी म्हशीने नवं न्हाणीघर बांधलं.

"खडबडीत शहाबादी फरशी बसव गं," शेजारीण शेळी म्हणाली, "पाय घसरणार नाही."

"छे! मला फरशीत माझं तोंड दिसलं पाहिजे!"

तुंगीने गुळगुळीत संगमरवर बसवला आणि अख्ख्या गावाला बघायला बोलावलं. अंगावर पाणी ओतून ती ऐटीत वळली मात्र, चारी पाय चार दिशांना गेले! सुर्रकन दाराबाहेर, उतारावरून थेट तळ्यात धपकन! लाजेने तिने डोळेच मिटले. तेवढ्यात तिला सावरायला धावलेली शेळीही घसरत, किंचाळत तिच्या पाठीवर येऊन आदळली.

"तुंगे, पुन्हा एकदा!" शेळी खिदळली.

तुंगीलाही हसू फुटलं. त्या दिवसापासून त्या संगमरवरावर सगळा गाव घसरगुंडी खेळू लागला. तुंगी आंघोळ मात्र तळ्यातच करू लागली.