सोनपूड आणि लाखेची मोहोर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा ट्रॅक्टर नव्हता, इंजिन नव्हतं, गाडी म्हणजे बैलगाडीच. पण गोड बोलून डब्या विकणारे तेव्हाही होते, आणि त्या घ्यायला धावणारे तर त्याहून जास्त! म्हणून लहानांनी ऐका, आणि गाड्या पळवणाऱ्या थोरांनी जरा जास्तच कान देऊन ऐका.

एका राज्यात समुद्रकाठी मिठागरं होती आणि घाटमाथ्यावर बारा वाड्या होत्या. पावसाळ्यात घाट बंद पडायचा. म्हणून दर वैशाखात चाळीस गाड्यांचा तांडा मीठ घेऊन वर जायचा. तो पोचला नाही, तर बारा वाड्यांतली माणसं आणि गुरं चार महिने मिठावाचून राहत.

त्या तांड्यात कोंडाबाई नावाची गाडीवाली होती. तिचं माहेर वरच्याच एका वाडीत होतं. गाडी तिची स्वतःची, बैल तिचे स्वतःचे आणि जीभही तिची स्वतःचीच. सगळे तिला अक्का म्हणत आणि थोडं बिचकून असत.

तांड्याची एक रीत होती. दर तीन कोसांवर थांबायचं, चाक उतरवायचं, आखावरचं काळं पडलेलं वंगण चिंधीने पुसून काढायचं आणि एरंडेलाचं ताजं वंगण लावायचं. आख म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो दांडा. वंगणासाठी प्रत्येक गाडीखाली बांबूचं एक नळकांडं लटकलेलं असे. काम मोठं कंटाळवाणं. हात कोपरापर्यंत काळे व्हायचे.

एके दिवशी दरबारात एक व्यापारी आला. डोक्याला जरीची पगडी, हातात चांदीची डबी.

"महाराज, ही सोनपूड," तो म्हणाला. "चिमूटभर वंगणात मिसळा. वर्षभर चाक उघडायला नको. कुरकुर बंद, आखाची झीज बंद, बैलांचे कष्ट निम्मे!"

त्याने दोन चाकं फिरवून दाखवली. साधं वंगण लावलेलं कुरकुरलं. सोनपूड घातलेलं मुकाट फिरत राहिलं. दरबार आ वासून बघत बसला.

बघायला जमलेल्या गाडीवानांतून कोंडाबाई ओरडली, "अहो, रिकामं चाक काय फिरवून दाखवता? ओझं लादा, घाट चढवा, मग चाक उघडून आख दाखवा!"

"उघडायचं नाही, बाई," व्यापारी हसला. "उघडलं की पुडीचा गुण उडून जातो."

राजाला हे फार पटलं. त्याने हुकूम दिला, की सगळ्या चाकांत सोनपूड घालावी आणि वर लाखेची राजमोहोर लावावी, म्हणजे कोणी उघडणारच नाही. व्यापाऱ्याने सगळ्यात आधी राजाच्या रथाला मोहोर लावून घेतली. गाडीवानांना तर आनंदच झाला. आता वाटेत थांबणं नको, हात काळे होणं नको! त्यांनी आपापली वंगणाने भरलेली नळकांडी उकिरड्यावर फेकली.

कोंडाबाई म्हणाली, "माझ्या चाकात नाही घालायची."

गाडीखान्याचा कारभारी खवळला. "सगळे शहाणे घालतात आणि तू एकटीच नको म्हणतेस?"

"सोन्याची सुरी असली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, कारभारी."

"मग ये सगळ्यांच्या मागून, धूळ खात! आणि मीठ उशिरा पोचलं, तर गाडी-बैल जप्त."

"बरं," ती म्हणाली. मग उकिरड्यावर गेली आणि फेकलेली सगळी नळकांडी उचलून तिने आपल्या गाडीला बांधली. गाडीवान खदाखदा हसले. "अक्का, भंगार विकणार का आता?"

तांडा निघाला. एकोणचाळीस गाड्या मुकाट धावत होत्या. कोंडाबाई मागून येत होती, दर तीन कोसांवर थांबत होती, पुसत होती, लावत होती. दुसऱ्या दिवशी तर पुढची धूळसुद्धा दिसेना. जप्तीची भीती होतीच, पण एकही थांबा तिने चुकवला नाही.

घाटाच्या मधल्या वळणावर तिने तांडा गाठला. सगळा तांडा तिथे उभाच होता! पहिल्या गाडीचा आख मोडला होता आणि ती मिठासकट दरीत गेली होती. गाडीवान आणि बैल कसेबसे वाचले होते.

कोंडाबाईने दुसऱ्या गाडीच्या चाकाला मधोमध हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अरे मेल्यांनो, भाजतंय हे!"

"पण अक्का, कुरकुरत तर नव्हतं," गाडीवान रडकुंडीला येऊन म्हणाला.

"कुरकुर ही चाकाची तक्रार असते बाबा. तक्रारीचं तोंड दाबलं म्हणजे दुखणं बरं होतं का?" तिने हातोडा उचलला.

तांड्याबरोबर आलेला कारभारी आडवा आला. "खबरदार! ती राजमोहोर आहे. तोडलीस तर गाडी जाईल, बैल जातील!"

"जाऊ देत! वर माझ्या माहेरची माणसं मिठाची वाट बघताहेत. तुमच्या लाखेपायी मी त्यांना अळणी ठेवू?" आणि तिने घाव घातला.

चाक उतरलं. आत राळ, म्हणजे झाडाचा चिकट चीक, घट्ट थिजली होती. सोनपूड म्हणजे राळेची भुकटी, चमक यायला त्यात पितळेचा कीस! राळेने वंगण घट्ट केलं, आवाज दाबला, आणि पितळेच्या किसाने आख कुरतडून निम्मा केला.

मग कोणी हुकमाची वाट पाहिली नाही. मोहोरा फटाफट फुटल्या. सगळ्यांनी राळ खरवडली आणि कोंडाबाईच्या 'भंगारा'तलं वंगण लावलं. आणखी सात गाड्या कामातून गेल्या होत्या. त्यांचं मीठ बाकीच्यांनी वाटून घेतलं आणि ढग भरायच्या आत तांडा घाटमाथ्यावर पोचला.

परतल्यावर कारभाऱ्याने चुगली केलीच. राजा गरजला, "माझी मोहोर तोडलीस?"

"तोडली, महाराज. एक गाडी दरीत गेली, बाकी अडतीस गाड्यांच्या तोडल्या. आता तुमच्या रथाची राहिली आहे. ती तुम्ही तोडता की मी तोडू?"

रथ दरबारासमोर आणला गेला. राजाने स्वतः मोहोर फोडली आणि चाक उतरवलं. आख बोटाएवढा उरला होता. कालच त्या रथातून त्याची लहानगी लेक फिरून आली होती. व्यापारी तर केव्हाच पसार झाला होता.

"माग, काय हवं ते माग," राजा म्हणाला.

"मला काही नको. फक्त पुन्हा कोणी 'घाला, पण उघडू नका' म्हणाला, तर त्याला याच रथात बसवून घाट उतरायला लावा."

राजाने तो कुरतडलेला आख गाडीखान्याच्या दारावर टांगला. त्यानंतर त्या राज्यात सोनपूड विकायला कोणी फिरकलं नाही. तेव्हा उद्या तुमच्या ट्रॅक्टरच्या तेलात ओतायला कोणी चमत्काराची बाटली घेऊन आला, तर त्याला हा आख आठवून दोन प्रश्न विचारा. लाजू नका.

बोध: चाक चालतं ते साध्या, स्वच्छ आणि वेळेवर बदललेल्या वंगणावर; जो उघडून पाहू देत नाही, त्याचा चमत्कार आत घालू नका.