हळदीचा लाल डाग

आपली चूक लहानांच्या माथी मारायची खोड मोठ्या माणसांना असतेच. निवृत्त मुख्याध्यापक दाभाडे सर हे नवरदेवाचे मामा. हळदीत त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा डाग पडला. तो त्यांनी स्वतःच साबणाने घासला आणि डाग लालभडक झाला. मग त्यांनी सदरा मंगल कार्यालयात धुणं धुणाऱ्या नयनासमोर आपटला.

"काय भिकार साबण ठेवलायस इथे? संध्याकाळी लग्नाला मला हाच घालायचाय. डाग गेला नाही तर तुझी नोकरी गेली. शाळा सोडलेल्या पोरींना काय कळतंय म्हणा."

मॅनेजरनेही मान डोलावली.

नयनाने डागावर लिंबू पिळलं. लाल डाग सगळ्यांच्या देखत पुन्हा पिवळा झाला. मग तिने सदरा धुऊन कडक उन्हात टाकला. चार वाजेपर्यंत तो पांढराशुभ्र.

"हे कुणी शिकवलं तुला?" सरांनी विचारलं.

"उन्हाचं आईनं. बाकीचं तुम्हीच, नववीत. साबणानं हळद लाल होते, लिंबानं परत पिवळी. विसरलात तुम्ही, सर, आणि नापास मात्र मला केलंत."

सर सदरा घेऊन निघाले.

मॅनेजर हसू दाबत म्हणाला, "नयना, उद्याच्या लग्नालाही तूच ये."