मुकुंदचे निर्धास्त दिवस

“...पण माई, हिशेबात चूक कुठं आहे ते तरी दाखवा.”

मुकुंद बोटांची पेरं मोजत होता. त्याच्या घरात आजोबांपासून पंचांग तयार होतं. ग्रहण कधी लागणार, कधी सुटणार, हे तो वर्षभर आधी सांगतो आणि ते खरं ठरतं. त्यामुळे स्वारी जरा हवेत असते.

समोर माई बसल्या होत्या. एकेकाळी बायकांच्या डॉक्टर असलेल्या, आता टेकडीवरच्या मठात राहणाऱ्या. मुकुंद त्यांचा लाडका शिष्य, म्हणून त्याची टिंगलही त्या मन लावून करत.

शेजारी त्याची बायको कुंदा, मांडीवर वर्षाची लेक. या लेकीच्या वेळी कुंदाचं इतकं रक्त गेलं की ती हातची जाणार असंच सगळ्यांना वाटलं होतं. निदान दोन वर्षं पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, गेले तर जिवाशी गाठ आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती जबाबदारी मुकुंदनं मोठ्या हौसेनं स्वतःकडे घेतली होती.

“तिची पाळी कधी आली ते मला ठाऊक असतं,” तो म्हणाला. “पुढची कधी येणार तेही. मधले दिवस टाळायचे, बाकीचे निर्धास्त. अमावास्या कधी चुकली आहे का?”

“नाही बाबा.”

“मग?”

“चंद्राला सर्दी होत नाही, मुकुंदा. त्याचं पोर रात्रभर रडत नाही. त्याला सासूही नाही.”

कुंदाला हसू आलं. ते लपवायला ती लेकीचं टोपरं नीट करू लागली.

“तू सांग गं,” माई तिच्याकडे वळल्या. “दोन पाळ्यांच्या मध्ये अंगात काय काय होतं?”

कुंदानं नवऱ्याकडे पाहिलं.

“त्याच्याकडे बघू नकोस. त्याला होत नाही ते.”

“मध्येच ओलसर वाटायला लागतं,” कुंदा हळू आवाजात म्हणाली. “आधी चिकट असतं. मग पातळ, निसरडं. बोटांत धरलं तर... पाकाला येते तशी तार येते.”

“बरोबर.”

“ओटीपोटात एका बाजूला कळ येते. दर वेळी नाही. छाती जड होते.”

“अंडं सुटायच्या सुमाराचं आहे हे. गेल्या महिन्यात कधी झालं?”

“उशिरा. हिला ताप होता, जागरणं झाली. त्यानंतर.” ती थांबली. “यांच्या हिशेबात ते दिवस निर्धास्त होते.”

मुकुंद पेरं मोजायचा थांबला.

“मग तू काय केलंस?” माईंनी विचारलं.

“डोकं दुखतंय, असं मी म्हणाले.”

“दुखत होतं?”

“नाही.”

...

मुकुंदला ती रात्र आठवली. त्यानं तिच्या कपाळाला बराच वेळ बाम चोळला होता. ती रडतेय ते डोकेदुखीनं, असं समजून.

“मला सांगायचं होतंस,” तो म्हणाला.

“तुम्ही इतक्या खात्रीनं बोलता,” कुंदा म्हणाली. “मला वाटायचं, माझंच अंग चुकतंय.”

मुकुंद आता चांगलाच जमिनीवर आला होता. तसा तो गुणी माणूस, बायकोवर जीव टाकणारा. फक्त आकडे दिसले की त्याला माणसं दिसेनाशी होतात.

“चुकलो,” तो म्हणाला. “यापुढं मी तिला विचारत जाईन. तार आली का, कळ आली का. आली की लांब राहायचं. आता तर चूक नाही?”

माईंनी कपाळाला हात लावला.

“तार दिसायच्या आधी जवळ आला असशील, त्याचं काय करशील? पुरुषाचं बीज आत चार-पाच दिवस तग धरतं. अंडं येतं तेव्हा ते तिथं हजरच असतं.”

“म्हणजे लक्षणंही...”

“लक्षणं तिला स्वतःचं अंग कळावं म्हणून आहेत. पण जिथं तिच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथं नुसतं त्यांच्यावर विसंबू नये.”

“मग भरवसा कशाचा?”

“खाली दवाखान्यात जा दोघं. साधनं आहेत. बायकांसाठी आहेत, पुरुषांसाठीही आहेत.”

मुकुंदचे कान लाल झाले. ग्रहणावर चारचौघांत तासभर बोलणारा माणूस आता चाचरू लागला.

“मी... म्हणजे, मी तिथं जाऊन काय सांगणार? पाळी तर तिची.”

माई उठल्या. कुंदाच्या मांडीवरून त्यांनी लेक उचलली आणि मुकुंदच्या मांडीवर ठेवली. पोर त्याच्या सदऱ्याची गुंडी चघळू लागली.

“तिची दर महिन्याला येते, मुकुंदा,” माई म्हणाल्या. “तुझी कधी येणार?”