किरणाची ग्वाही

घाटमाथ्यावरच्या एका गावात भिकोबा आणि मानाजी हे दोघे भाऊ चांदीचे पाणी करत. चांदी इतकी बारीक घोटायची की तिचे कण पाण्यात तरंगत राहावेत. भाजलेली जखम त्या पाण्याने धुवायची, असा तिथला रिवाज होता.

पाण्यात चांदी आहे का, हे बघायची एक झटपट रीत होती. अंधाऱ्या खोलीत काचेचे भांडे ठेवायचे आणि दाराच्या भोकातून ऊन सोडायचे. पाण्यात किरण काठीसारखा उभा दिसला की लोक माना डोलावत. दुसऱ्या रीतीला अर्धा दिवस लागे. पाणी आटवायचे, तळाशी उरेल त्यावर तेजाब घालायचे, मग मिठाच्या पाण्याचे दोन थेंब. चांदी असली तर दह्यासारखा पांढरा साका धरतो, त्यालाच दही धरणे म्हणत.

एकदा चांदी वितळवायची तापलेली मूस फुटली आणि थोरल्या भिकोबाची छाती भाजली. घरातले चांदीचे पाणी संपलेले. मानाजीने धावतपळत नवे केले. साठवलेले पावसाचे पाणी घ्यायचे सोडून विहिरीचे मचूळ पाणीच घेतले.

"तेजाबानं बघ रे एकदा," भिकोबा कण्हत म्हणाला.

"किरण बघितला की, दादा! कसा लखलखतोय!"

"तुला भाकरी भाजेपर्यंतही धीर नसतो."

चौथ्या दिवशी भिकोबा गेला.

आठवड्याने शेजारच्या गावची सगुणा कळशी घेऊन आली. तिचा नवरा गुऱ्हाळाच्या काहिलीत भाजला होता. मानाजीने रांजणातले उरलेले पाणी काचेच्या भांड्यात घेऊन खोलीत नेले. किरण उभा राहिला. भांडे सरकवताना बाजूच्या बादलीवर ऊन पडले, तर हात धुवायच्या त्या पाण्यातही किरण उभा होता. तसाच पांढरा, तसाच निश्चल. मानाजीने तांब्यातले पाणी काचेत ओतून ठेवले. तिथेही तो उठला. जे पाणी ठेवावे त्यात तो आधीच येऊन थांबल्यासारखा दिसे.

"दिसतोय की किरण!" सगुणा दारातून ओरडली. "मी काय आंधळी आहे? द्या लवकर!"

"ताई, अर्धा दिवस थांब."

"तोवर माझा माणूस राहील का?"

दही धरले नाही, तर मानाजीला आपण भावाला कशाने धुतले ते कळणार होते. तरी त्याने तीन वाट्या मांडल्या. एकीत नुसते पावसाचे पाणी, दुसरीत गुंजभर चांदी घोटलेले, तिसरीत आपले. तिन्ही आटवून त्यांत तेजाब आणि मग मिठाच्या पाण्याचे थेंब घातले.

दुसरीत दही धरले. पहिली आणि तिसरी सारखीच कोरी.

मचूळ पाण्यातल्या खारामुळे चांदीचे कण एकमेकांना चिकटून रांजणाच्या तळाशी गेले होते. वर तरंगत होती ती माती.

"ताई," तो म्हणाला, "हे चांदीचं पाणी नाही. मी माझ्या दादाला मातीनं धुतलं."

सगुणाने कळशी खाली ठेवली. "मग रडत काय बसलाय? नवं करा. मी बसते."

त्याने पावसाच्या पाण्यात नवे केले आणि तेही पारखले. दही धरले तेव्हा दुसऱ्या दिवसाचे ऊन कलले होते. तो स्वतः कळशी घेऊन तिच्या गावी गेला. जखम भरायला महिना लागला, पण भरली. परतताना मानाजी वाटेत खाली बसला आणि मोठ्याने रडला. दादाने त्याच्याकडे अर्धाच दिवस मागितला होता.

तात्पर्य: जी पारख साध्या पाण्यालाही चांदी म्हणते, तिच्यावर कोणाचा जीव सोपवू नये, आधी पारखच पारखून घ्यावी.